समेवरचा फोटो

तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी नणंदेने विचारलं, "त्याचा एखादा चांगला फोटो आहे का गं? हार घालायला लागेल." मी कपाटातून ओळखपत्रासाठी काढलेला एक जुना फोटो शोधून दिला. त्यात तो सरळ समोर बघतो आहे. केस पाण्याने चापून बसवलेले, शर्टाचं वरचं बटण लावलेलं.

"हा?" नणंद म्हणाली. "अगं, नाचातला असेल ना एखादा. जन्मभर नाचला तो."

"आहे एक. पण त्यात चेहरा नीट नाही."

तिने वाद घातला नाही. खरं कारण वेगळं होतं. त्या फोटोला हार घातला असता तर त्याचा हात झाकला गेला असता, आणि तो फोटो त्या हातासाठीच आहे. तो एक फोटो काढायला मला जवळजवळ सगळा हिवाळा लागला होता. नव्वदनंतरच्या त्या वर्षांतला हिवाळा, जेव्हा आमच्या सोसायटीत दर महिन्याला कोणाकडे तरी रंगीत टीव्हीचं खोकं उतरायचं आणि गच्चीवर केबलच्या तारांचं जाळं वाढत होतं.

आम्ही मयूर विहारमध्ये राहायला आलो तेव्हा मुद्दाम तळमजल्याचा फ्लॅट घेतला. कथक शिकवणाऱ्याच्या खाली कोणी राहू नये, हे आधीच्या भाड्याच्या घरात खालच्या मजल्यावरच्या पंजाबी आजींनी छताला काठी ठोकून ठोकून आम्हांला पटवून दिलं होतं. तळमजल्याला ओल यायची, डास असायचे, पण पाय कितीही आपटले तरी खाली फक्त यमुनेची माती होती. पुढच्या खोलीत त्याचा वर्ग भरायचा. बंगाली, पंजाबी, तमिळ, सगळ्या प्रकारच्या मुली. मी स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत पुस्तक घेऊन बसायचे. एका सरकारी खात्याच्या ग्रंथालयात मी नोकरीला होते, आणि घरी आल्यावरही ग्रंथालयातच असल्यासारखी राहायचे, असं तो म्हणे.

तो फौजेतल्या सुभेदाराचा मुलगा. दिल्लीच्या छावणीत वाढलेला. सातवीत असताना त्याने नाच शिकायचंय म्हणून सांगितलं तेव्हा वडील म्हणाले होते, "पाय आपटायचेच आहेत ना? मग परेडवर आपट." हे वाक्य तो वर्गात मुलींना हिंदीत करून सांगायचा आणि त्या दर वेळी हसायच्या. मी पुण्याहून नोकरीसाठी आलेली. आमची ओळख लग्नाआधी दिल्लीतच झाली, म्हणून मी त्याला अरे-तुरे करायचे. सासूबाईंना ते शेवटपर्यंत रुचलं नाही.

त्याच्या डोळ्यांचं पहिल्यांदा मला कळलं ते वीज गेल्यामुळे. यमुनेपलीकडे तेव्हा रोज संध्याकाळी बत्ती जायची. पूर्वी बत्ती गेली की वर्ग थांबत नसे. मुली भिंतीला टेकून बसायच्या आणि तो अंधारात नाचत राहायचा. नुसते घुंगरू ऐकू यायचे. त्यांच्या आवाजावरून तो खोलीत कुठे आहे ते मला आतून कळायचं. मग एका उन्हाळ्यात लक्षात आलं की बत्ती गेली की घुंगरूही थांबतात. मी विचारलं तर म्हणाला, "मुलींना डास चावतात गं." मी विश्वास ठेवला.

त्यानंतरच्या गणेशोत्सवात मराठी मंडळाच्या कार्यक्रमात तो नाचला. सोसायटीजवळचंच एक सभागृह. तो चक्कर घेत समेवर येऊन थांबला आणि पुढच्या रांगेतून चार-पाच फ्लॅश एकदम उडाले. आपली माणसं कौतुकाने फोटो काढतात, त्यात नवं काही नव्हतं. पण पुढचं पाऊल टाकताना त्याने दोन्ही हात पुढे केले आणि हवेत चाचपडला. अंधारात भिंत शोधावी तसा. रंगमंचाची कड त्याच्यापासून एका पावलावर होती. लोकांना तो अभिनय वाटला आणि टाळ्या पडल्या. तबलजींनी मात्र ठेका एकदम धीमा केला. त्यांच्या लक्षात आलं होतं.

डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घालून बराच वेळ तपासलं आणि समजावून सांगितलं. डोळ्याच्या आतला पडदा कडेकडेने वाळत जातो. आधी अंधारातलं दिसेनासं होतं, मग बाजूचं. मधलं काही वर्षं राहतं. प्रखर उजेड एकदम पडला की नजर परत यायला वेळ लागतो. उपाय नाही.

परत येताना बसमध्ये तो खिडकीजवळ बसला होता. बसने पूल ओलांडला. मग म्हणाला, "होळीच्या आत एक कार्यक्रम करतो. मोठा. मग स्टेज बंद. घरी शिकवीन."

"बरं."

"आणि मला एक गोष्ट बघायचीय, दिसतंय तोवर."

मला वाटलं समुद्र म्हणेल, नाहीतर हिमालय. दिल्लीत राहणारी माणसं या दोन्हींची सारखी आठवण काढतात.

"स्वतःला बघायचंय," तो म्हणाला. "नाचताना."

"घरभर आरसे लावलेत तू."

"आरशात रियाज दिसतो. आरशात बघत असतो तेव्हा मी बघत असतो, नाचत नसतो."

"मग फोटो आहेत की ट्रंकभर."

"ते? त्यांत पोलिसांनी पकडल्यासारखा दिसतो मी."

हे खरं होतं. सगळे फोटो फ्लॅशचे. चेहरा पांढराफटक, डोळे मिटत आलेले, मागे भिंतीवर काळी सावली. स्टेजवरचा पिवळा उजेड, ज्यात तो नाचायचा, तो एकाही फोटोत नव्हता. व्हिडिओ काढून घेऊ म्हटलं तर व्हिडिओवाले तेव्हा लग्नात लावतात तसला भला मोठा दिवा तोंडावर धरत. फ्लॅश एक क्षण आंधळं करतो, हा दिवा सगळा वेळ करणार.

"तू काढ," तो म्हणाला. "फ्लॅशशिवाय."

"मी? मला कॅमेरा धरता येत नाही."

"पुस्तकं वाच. त्याशिवाय तू काही करतेस का?"

मी खरोखरच पुस्तकं वाचली. आमच्या ग्रंथालयात छायाचित्रणावर होती ती सगळी, आणि नव्हती ती इतर ग्रंथालयांतून मागवून. वाचून कळलं ते थोडक्यात असं. उजेड कमी असला की कॅमेऱ्याचा पडदा जास्त वेळ उघडा ठेवावा लागतो, आणि तेवढ्या वेळात माणूस हलला की फोटो पुसट होतो. फ्लॅश नको असेल तर दोनच गोष्टी हातात राहतात. थोड्या उजेडात भागवणारी जलद फिल्म आणि मोठ्या तोंडाची लेन्स. तोंड जितकं मोठं तितका उजेड आत, तितका कमी वेळ पुरतो. हे सगळं वाचताना मला बरं वाटत होतं. आजाराबद्दल काही करता येत नव्हतं, याबद्दल येत होतं.

वरच्या मजल्यावर एक मराठी इंजिनिअर राहायचे. गुडगावच्या पुढे मोटारींच्या कारखान्यात कामाला, पहाटे कंपनीच्या बसने जायचे आणि रात्री यायचे. कारखान्याने त्यांना शिकायला जपानला पाठवलं होतं. तिथून त्यांनी कॅमेरा आणि एक लांबलचक झूम लेन्स आणली होती. मी नुसतं विचारायला गेले तर त्यांनी सगळी बॅगच माझ्या गळ्यात अडकवली.

"न्या वहिनी, बिनधास्त न्या. जपानी माल आहे. अंधारात काळं मांजर दिसेल."

"भाऊजी, महागाची वस्तू आहे, हातून पडली तर?"

"पडली तर परत जपानला जाईन की! कंपनी पाठवते."

कोजागिरीच्या कार्यक्रमात मी ती वापरली. डोळ्याला लावली तेव्हाच मनात पाल चुकचुकली, कारण लेन्समधून बघताना स्टेजवर आधीच तिन्हीसांज झाल्यासारखं दिसत होतं. लेन्स लांब होती, पण तिचं तोंड अरुंद. फोटो धुऊन आले तेव्हा त्यांत एक केशरी धूर होता आणि धुराला घुंगरू बांधलेले होते. भाऊजींनी ते दिव्याखाली धरून बघितले. म्हणाले, "वहिनी, मॉडर्न आर्ट म्हणून फ्रेम करा यार." मग जरा वेळाने, हळू आवाजात, "त्याला दाखवू नका हे."

मी दाखवले. त्याने फोटो जवळ धरून, डोकं हळूहळू फिरवत बघितले. तेव्हापासून तो सगळंच तसं बघायला लागला होता. म्हणाला, "मी इतका भरभर नाचतो? वा!"

मग एका शनिवारी मी चांदणी चौकातल्या कॅमेऱ्यांच्या गल्लीत गेले. पूर्वी असल्या वस्तू कोणी परदेशातून येणाऱ्याला सांगून आणवायच्या. आता त्या काचेमागे उघड मांडलेल्या होत्या आणि दुकानदार हाका मारून बोलावत होते. मी एका वयस्क सरदारजींच्या दुकानात शिरले, कारण तिथे गर्दी नव्हती.

"बहनजी, साहब को भेज देते," ते म्हणाले.

"साहब नाचते हैं. फोटो मुझे खींचनी है."

"नाचते हैं? शादियों में?"

"नहीं जी, स्टेज पर. कथक."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि चहा मागवला. चहा येईपर्यंत काउंटरवर तीन वस्तू मांडल्या. एक फ्लॅश, एक हातभर लांब लेन्स, आणि एक आखूड, जाडजूड, दह्याच्या मडक्यासारखी दिसणारी लेन्स.

"इनमें सबसे बड़ा मुँह किसका है?" मी विचारलं.

सरदारजी हसले. "लो जी! लोग पूछते हैं सबसे लंबी कौन सी है. मुँह किसी ने नहीं पूछा आज तक." आणि त्यांनी ती आखूड लेन्स माझ्याकडे सरकवली.

ती पुढे-मागे होत नसे. जवळचं बघायचं तर आपण चालत जवळ जायचं. पण तिच्यातून बघितलं आणि दुकानाच्या आतला कोपरा, जिथे रिकाम्या खोक्यांचा ढीग होता, तोसुद्धा स्वच्छ दिसला. मी एक साधा कॅमेरा आणि ती लेन्स घेतली. आमचा टीव्ही पुढची बरीच वर्षं ब्लॅक अँड व्हाइटच राहिला. त्याला टीव्ही आवाजापुरताच पुरे होता, आणि मला तेवढाही नको होता. फिल्मही मी काळी-पांढरीच ठरवली. स्टेजच्या दिव्यांत रंगीत फिल्म सगळ्यांना कावीळ करते, हे कोजागिरीला बघितलं होतं.

लेन्स आली तरी एक अडचण होतीच. जेवढ्या वेळात तिला उजेड पुरे, तेवढ्या वेळात नाचणारा माणूस हलतोच. मी त्याला पुस्तकातला तक्ता दाखवला.

"मी हलत नाही तेव्हा काढ ना मग," तो म्हणाला.

"तू कधी हलत नाहीस?"

त्याने माझ्याकडे असं बघितलं की मला आजही ओशाळायला होतं. "अगं, समेवर! इतकी वर्षं काय ऐकतेस आतून?"

मी घुंगरू ऐकत होते, सम ऐकत नव्हते. दिल्लीत हिवाळ्यात मटारचे ढीग येतात. त्या वर्षीचे सगळे मटार मी तीनतालात सोलले. जेवणाच्या टेबलावर तो समोर बसून बोटांनी ठेका धरायचा. सोळा मात्रांचं आवर्तन, फिरून पहिल्या मात्रेवर आलं की ती सम. नाचणारा कितीही लांब भटकून आला तरी सम पकडून तिथे मूर्तीसारखा थांबतो. आणि तो येतोय हे आधी कळतं, कारण एकच तुकडा तीनदा येतो आणि तिसऱ्याचा शेवट बरोबर समेवर पडतो. "ही तिहाई म्हणजे तुझ्यासाठी पोस्टमनची घंटा," तो म्हणायचा. "पहिल्यांदा वाजली की उठ. दुसऱ्यांदा वाजली की दाराशी ये. तिसऱ्यांदा दार उघड."

"आणि उशीर झाला तर?"

"तर पत्र घेऊन जाईल परत."

जानेवारी लागेपर्यंत माझी सम चुकेनाशी झाली. शेंगा सोलताना हात आपोआप टेबलावर पडायचा.

नाताळच्या सुट्टीत जो व्हायचा तो मुलींचा वार्षिक कार्यक्रम त्या वर्षी हॉल न मिळाल्याने पुढे गेला होता. तो जानेवारीत झाला. शेवटी थोडा वेळ तोही नाचणार होता. मी भिंतीला टेकून, कॅमेरा डोळ्याला लावून उभी राहिले. पहिली तिहाई आली, मी तयार होते, आणि समेला बरोबर बटण दाबलं. पण दाबलं त्या क्षणी सगळं काळं झालं. पुस्तकात हे वाचलं होतं. असल्या कॅमेऱ्यात बघायचा आरसा फोटो घेताना वर उचलला जातो. पण वाचणं वेगळं. ज्या समेची मी इतकी वाट बघत होते, तीच मला दिसत नव्हती. तो यायचा, अंधार व्हायचा, आणि परत दिसायला लागला की तो निघून गेलेला असायचा. सगळी फिल्म अशी संपली. सम एकही चुकली नाही, याची माझी खात्री होती.

छापून आलेले फोटो मी त्याच्या आधी बघितले आणि रडू आलं. या वेळी उजेड पुरेसा होता. तो उभा होता, हात, मान, सगळं जागच्या जागी. आणि सगळं दुहेरी. प्रत्येक फोटोत एकाला दोन, जरा वर एक, जरा खाली एक.

"हललास तू," मी म्हटलं. "थांबतो म्हणाला होतास."

तो बाहेरच्या उन्हात फोटो घेऊन बसला. एक बघितला, दुसरा, तिसरा. मग त्याचे खांदे हलायला लागले, आणि माझ्या लक्षात आलं की तो हसतोय.

"हा कोपऱ्यातला तानपुरा बघ."

"काय त्याचं?"

"तोही दुहेरी आहे. तानपुरा कधीपासून नाचायला लागला?" त्याने सगळे फोटो पत्त्यांसारखे पसरले. "बघ, प्रत्येक वरून खाली ओढलाय. अगं, तू सम देतेस! तुझा हात पडतो समेला, मटार सोलताना पडतो तसा. मी थांबलोय. तू नाचलीयेस."

मी बघितलं. खरंच तसं होतं.

"लग्नाला इतकी वर्षं झाली," तो डोळे पुसत म्हणाला, "पहिल्यांदा बायको समेवर आली, ती नेमकी फोटो काढताना!"

मी हात दाबून धरायचा सराव करून बघितला. रिकामा कॅमेरा धरून त्याच्या कॅसेटसमोर उभी राहायचे. हात आवरला की मान हलायची. मान आवरली तर सम चुकायची. त्यानेच मला थांबवलं. "दाबू नकोस. आलेली सम घालवू नये. कॅमेरा हातातून काढ, म्हणजे झालं."

हे माझ्या कोणत्याही पुस्तकातून मला सुचलं नव्हतं, जरी लिहिलेलं सगळ्यांत होतं. कॅमेरा तिपाईवर ठेवायचा आणि बटणाला एक लांब वायर जोडून ती हातात धरायची. मग हात कितीही पडू दे. तिपाई भाऊजींकडे निघाली. "फुजी पर्वतासमोर स्वतःचा फोटो काढायला घेतली होती वहिनी. तीन दिवस ढग. बिचारी एकदासुद्धा उभी राहिली नाही." वायर सरदारजींकडे मिळाली.

पण तिपाईवर कॅमेरा ठेवला की तो आपल्याबरोबर फिरत नाही. लेन्स आधीच एका जागेवर नेमून ठेवावी लागते. आणि मोठ्या तोंडाच्या लेन्सची एक खोड असते. ती ज्या अंतरावर नेमली तेवढंच स्पष्ट दाखवते, वीतभर पुढचं-मागचं मऊ होतं. म्हणजे त्याने शेवटच्या चकरांनंतर समेला बरोबर त्याच जागी यायला हवं. आणि स्टेजवरच्या उजेडात पायाखालची खूण त्याला आता दिसत नव्हती.

मंडी हाउसजवळच्या हॉलमध्ये त्या शेवटच्या मोठ्या कार्यक्रमाच्या दुपारी आम्ही दोघं आधी गेलो. मी खडूने फुली काढली. तो वाकून तिच्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "दिवे लागले की ही जाणार. पायाला कळेल असं काही लाव." पिशवीत भाजीच्या जुडीची सुतळी होती. तिचा तुकडा फुलीवर ठेवून वरून चिकटपट्टी लावली. तो अनवाणी त्यावर उभा राहिला, अंगठ्याने चाचपली. "लागते पायाला." मग दुसरी लांब सुतळी मी स्टेजच्या पुढच्या कडेला, हातभर आत, या टोकापासून त्या टोकापर्यंत चिकटवली. ही कशाला, ते त्याने विचारलं नाही. मी गुडघ्यांवर सरकत पट्टी दाबत होते आणि तो मागून माझ्याबरोबर येत होता, पायाने ती सुतळी वाचत.

संध्याकाळी हॉल भरला. सुरुवातीलाच निवेदकाने फ्लॅश न वापरायची विनंती केली. भाऊजी पुढच्या रांगेत बसून मागे वळून लोकांवर पहारा करत होते. मी बाजूच्या वाटेत तिपाईजवळ उभी होते. लेन्स दुपारीच फुलीवरच्या सुतळीवर नेमलेली. हातात वायर. डोळ्याला काही लावायचं नव्हतं. काय करावं या डोळ्यांचं, अशी माझी अवस्था होती.

तो नाचला त्याबद्दल मला लिहिता येणार नाही. मी इतकी वर्षं दाराआडून ऐकलेलं ते सगळं होतं. शेवटी लय चढली, चकरा सुरू झाल्या आणि तिहाई आली. पहिल्यांदा वाजली. दुसऱ्यांदा. चकरा घेणाऱ्याला दिशा कशी राहते, डोळे असलेल्यालाही, हे मला कधीच कळलेलं नाही. तिसऱ्याला त्याचा पाय पडला, डावा हात छातीशी, उजवा हात समोर गेला आणि थांबला, आणि माझा हात वायरीसकट खाली आला. या वेळी काही काळं झालं नाही. मी त्याला थांबलेला बघितला. कपाळावरचा घाम दिसला. घुंगरूंचा शेवटचा थरथरता आवाज विरेपर्यंत तो तसाच होता.

रिक्षात बसल्यावर त्याने पहिलं वाक्य काय उच्चारलं असेल तर, "सुतळी लागली नाही पायाला."

"म्हणजे?"

"मागे राहिलो. थोडाच. पण मागे." त्याने माझा हात धरला. "गेला बघ फोटो."

छापून आला तो त्याने म्हटल्यासारखाच होता. तो मागे राहिला होता. चेहरा मऊ, हिवाळ्यात काचेवर श्वास साचतो आणि पलीकडचा माणूस दिसतो तसा. पाय, घुंगरू, अंगरखा, सगळं तसंच. फक्त पुढे आलेला उजवा हात, तो बरोबर नेमलेल्या जागी होता. बोटांची पेरं, तळव्याच्या रेषा, मनगटावरची शीर, लहानपणी परेडच्या मैदानात पडून झालेली खूण. मी तो दोन दिवस पिशवीतून बाहेर काढला नाही.

पुढे त्याची नजर पूर्ण गेली. तो आणखी पुष्कळ वर्षं शिकवत राहिला, मेट्रोचे खांब आमच्या दारावरून गेले, कॅमेरे खिशातल्या फोनमध्ये आले आणि अंधारातही फोटो निघायला लागले. त्याच्या विद्यार्थिनी आपल्या मुलींना घेऊन यायला लागल्या, त्याचे फोटो काढायच्या आणि मला दाखवायच्या. खरंच चांगले असत. त्याला ते कधी दिसले नाहीत. त्याने स्वतःला बघितलं ते त्या एकाच फोटोत.

तो फोटो छापून आल्याच्या तिसऱ्या दिवशी त्याने स्वतःच विचारलं होतं, "आला असेल ना?" मी फोटो दिला. मागच्या अंगणात ऊन होतं. तो खुर्ची घेऊन बसला, आणि डोळे एका जागी ठेवून फोटोच हळूहळू सरकवायला लागला. आधी खाली, पाय. मग वर, चेहरा. मग हातापाशी येऊन थांबला. इतका वेळ थांबला की मला बोलावंच लागलं.

"चेहरा नाही आला रे."

"चेहरा दाढी करताना बघितलाय." तो मान वर न करता म्हणाला. "हा हात असा थांबतो होय."

मग त्याच्या कपाळाला आठी पडली. वर्गात पडायची तशी. "कोपर पडलंय."

"कुठे?"

"हे काय! गुरुजी असते तर इथल्या इथे फटका बसला असता. इतकी वर्षं मी पोरींना ओरडतोय, कोपर उचला, कोपर उचला, आणि माझंच पडलेलं. कोणी सांगितलं नाही मला."

तो उठला. फोटो डाव्या हातात डोळ्यांजवळ धरला, आणि उजवा हात समोर नेऊन तसाच थांबवला. फोटोकडे बघितलं, हाताकडे बघितलं, कोपर थोडं वर घेतलं. आणखी थोडं.

"आता?" त्याने मला विचारलं.

मी खरंच नीट बघितलं. मला तोवर थोडं कळायला लागलं होतं.

"आता बरोबर आहे. फोटोपेक्षा चांगला."

"मग काढ की! ऊन पण आहे."

कॅमेरा आत कपाटात होता, आणि त्यात दोन-तीन फोटोंची फिल्म उरली होती. मी गेले नाही. त्याचा हात दमून खाली येईपर्यंत मी तिथेच उभी राहून बघत होते.